धातूची छोटी मॉडेल्स : पहिल्या पाकिटापासून काचेच्या पेटीपर्यंत



यंदा गणपतीला आमच्या घरी येऊन गेलेल्या बऱ्याच जणांनी आरतीनंतर टीव्हीशेजारच्या काचेच्या पेटीची चौकशी केली. पेटीत एक चकचकीत एम्पायर स्टेट बिल्डिंग आहे, एक विमान आहे आणि एका वाफेच्या इंजिनाची मोकळी जागा आहे. "कुठे मिळतात? अवघड असतं का? आमच्या चिरंजीवांना जमेल का?" असे तेच ते प्रश्न फोनवरही येऊ लागले, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून काढावे म्हटले. मी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, पण गेली बारा वर्षे पोट भरते सॉफ्टवेअर टेस्टिंगवर. धातूला हात लावला तो पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, तोही सबमिशनपुरता. त्यामुळे हा लेख तज्ज्ञाचा नाही. सगळ्या चुका नुकत्याच करून झालेल्या बाईचा आहे, असे समजून वाचावा.

हे नेमके काय असते?

पोस्टकार्डाहून थोडे मोठे, चपटे पाकीट असते. आत तळहाताएवढे पोलादाचे किंवा पितळी रंगाचे एक-दोन पत्रे आणि एक घडी घातलेला कागद. पत्रा अगदी पातळ, खाऊच्या डब्याच्या पत्र्याहूनही पातळ. त्यात मॉडेलचे सगळे भाग कापलेले असतात, पण सुटे नसतात. केसाएवढ्या दोन-चार पुलांनी चौकटीला लटकलेले असतात. प्रत्येक भागाच्या काठाला इवलेसे कान असतात आणि दुसऱ्या कुठल्या तरी भागात त्या कानाच्या मापाची खाच असते. कान खाचेत घालायचा आणि पलीकडून वाकवायचा किंवा पिळायचा. झाले. गोंद नाही, डाग नाही, स्क्रू नाही. इंग्रजीत या कानाला टॅब म्हणतात. 'कान' हा शब्द आमच्या बाबांचा, आणि आता आमच्या घरात तोच रूढ झाला आहे.

आपण लहानपणी खेळलेल्या मेकॅनिक्सच्या संचाचे हे नातेवाईक म्हणता येतील, पण लांबचे. मेकॅनिक्स ज्या मेकॅनोच्या वळणावर होते तो मेकॅनो लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचा. त्यांनी १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि मेकॅनो हे नाव १९०७ पासूनचे. त्यात भोके पाडलेल्या पट्ट्या, नट आणि बोल्ट. आज क्रेन केली, उद्या मोडून मोटार केली. या नव्या पत्र्याच्या मॉडेलमध्ये ती सोय नाही. एकदा केले की केले. मोडून पुन्हा होत नाही. हा फरक विकत घेण्याआधीच लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे.

हे पत्रे करतात कसे, हे इंजिनियर मंडळींना आवडेल. पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा थर देतात, दोन्ही बाजूंनी नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, नको तिथला थर धुऊन काढतात आणि मग उघड्या पडलेल्या जागी रसायन धातू खाते. दोन्ही बाजूंनी खाल्ले तर आरपार कापले जाते. एकाच बाजूने खाल्ले तर पत्रा निम्म्या जाडीचा राहतो. खिडक्या, विटा, रिव्हेट यांच्या बारीक रेषा आणि घडीच्या रेषा अशाच तयार होतात. याला फोटो-एचिंग म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजात प्रोजेक्टसाठी पीसीबी घरी केले असतील त्यांना फेरिक क्लोराइड आठवेल. माझी होस्टेलची रूममेट इलेक्ट्रॉनिक्सची होती. बुधवार पेठेतून पुडी आणून तिने आमच्या बादलीत तो उद्योग केला आणि बादलीला पडलेला तपकिरी डाग चार वर्षे टिकला. तत्त्व तेच, फक्त इथे बादली नसते आणि माप मिलिमीटरच्या अंशात सांभाळलेले असते.

पहिले पाकीट कुठले घ्यावे?

अमेरिकेत सगळ्यात सहज मिळणारे संच मेटल अर्थ या नावाचे. ते सिॲटलच्या फॅसिनेशन्स या कंपनीचे. बार्न्स अँड नोबलच्या खेळण्यांच्या भागात फिरत्या स्टँडवर लटकलेले तुम्ही पाहिले असतील. जपानच्या टेन्यो कंपनीचे मेटॅलिक नॅनो पझल आणि चीनचे पीसकूल हेही चांगले. पीसकूलचे संच बरेचदा रंगीत आणि पितळी असतात आणि भागही खूप असतात, म्हणून ते पहिल्या फेरीत नकोत. लहान संच साधारण दहा-पंधरा डॉलरच्या आसपास येतो. अगदीच पडेल भावात ऑनलाइन दिसणाऱ्या नकला टाळाव्यात. मी एक घेतली होती. तिचे कान खाचेपेक्षा रुंद निघाले आणि कानशीने घासत बसण्यात रविवार गेला.

मेटल अर्थच्या पाकिटावर सोपे, मध्यम, अवघड अशी पायरी छापलेली असते. तिच्यावर विश्वास ठेवावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. पाकिटावरचा फोटो नीट पाहावा आणि स्वतःला एक प्रश्न विचारावा : यात गोल किती आहे? सपाट भिंती आणि काटकोन असतील तर काम सोपे. नळकांडे असेल तर मध्यम. शंकू किंवा घुमट असेल तर अवघड. एम्पायर स्टेट बिल्डिंग ही पहिल्या मॉडेलसाठी मला सगळ्यात योग्य वाटते, कारण ती म्हणजे एकावर एक ठेवलेली खोकी. शिवाय भारतातून आलेल्या प्रत्येक आई-बाबांना आपण ती दाखवून आणलेली असतेच!

आपली मंडळी हमखास पहिला घेतात तो ताजमहाल. कळकळीची विनंती, घेऊ नका. घुमटाची एकेक पाकळी वेगळी वाकवून सगळ्यांची टोके वर एकत्र आणायची असतात. माझ्या माहितीत तीन घरांत अर्धवट ताजमहाल ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यातला एक आमच्या घरात आहे.

मुलांबद्दल : मेटल अर्थच्या पाकिटावर चौदा वर्षे आणि पुढे असे लिहिलेले असते आणि ते उगाच नाही. पत्र्याचे काठ धारदार असतात. शिवाय आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत ताकद असते, पण थांबण्याची सवय नसते. त्या वयाला नट-बोल्टचा मेकॅनोच बरा. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याकडे भाग शोधून देण्याचे आणि कागदावर झालेल्या भागावर खूण करण्याचे काम दिले आहे, आणि तो ते हेडक्लार्कच्या रुबाबात करतो.

हत्यारे

फार लागत नाहीत, पण जी लागतात ती बरी घ्यावीत. सपाट कापणारा छोटा कटर, म्हणजे पुलाचा ठोंब शिल्लक राहत नाही. बारीक टोकाची पक्कड, मात्र जिच्या आतल्या बाजूला दाते नाहीत अशी; दाते असतील तर प्रत्येक पकडीचा ठसा पत्र्यावर कायमचा उमटतो. एक टोकदार चिमटा. एक बारीक कानस. गोल करण्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या दांड्या : ड्रिलच्या बिटांची गुळगुळीत बाजू, पेन्सिल, बॉलपेनची नळी, उदबत्तीची काडी. खाली अंथरायला हिरवी कटिंग मॅट आणि शेजारी एक जुना मऊ माउसपॅड. तो कशासाठी ते पुढे येईल. आणि वाकवता येणाऱ्या मानेचा टेबललॅम्प. चाळिशी जवळ आलेल्यांनी भिंगही घ्यावे, लाजू नये.

डोळ्यांना चष्मा मात्र हवाच. कापलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. कापताना दुसऱ्या हाताचे बोट त्या भागावर ठेवावे. आम्ही पहिल्या दिवशी बेसमेंटच्या कार्पेटवर बसून काम केले आणि दोन दिवसांनी मुलाच्या टाचेत पत्र्याचा कण गेला. तेव्हापासून काम फक्त जेवणाच्या टेबलावर, खाली जुनी पांढरी चादर अंथरून, आणि उठताना चिकटपट्टी फिरवून सगळे कण गोळा करायचे. पोळ्यांचे टेबल आहे हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष काम

इथे थोडे घरचे सांगावे लागेल, कारण मला जे काही येते ते माझ्या वडिलांमुळे. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, पस्तीस वर्षे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. नोव्हेंबरपर्यंत फिरणे झाले. मग थंडी पडली आणि ते खिडकीशी बसू लागले. गाडी चालवता येत नाही, बर्फात बाहेर पडायची भीती, आम्ही दोघे दिवसभर मीटिंगमध्ये. जानेवारीत एका रात्री भांडी पुसता पुसता म्हणाले, "अगं, तिकीट फेब्रुवारीचं करून मिळतं का बघ ना." मी बघते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांना ड्रॉवरमध्ये पाकीट सापडले. माझ्या ऑफिसात ख्रिसमसला चिठ्ठ्या टाकून भेटी देतात, त्यात मला वाफेच्या इंजिनाचे मॉडेल मिळाले होते आणि मी ते न उघडताच टाकून दिले होते. संध्याकाळी खाली आले तर बाबा आतला कागद टेबलावर पसरून चष्मा कपाळावर चढवून वाचत होते. या कागदावर जवळपास अक्षर नसते. सगळी चित्रे : हा भाग, हा बाण, हा झाला जोड. इंग्रजी बेताचे असलेल्या आजी-आजोबांना हे फार सोयीचे आहे. बाबांना तर ड्रॉइंगच वाचायची सवय. मला म्हणाले, "बैस. तू कर, मी सांगतो." त्यांचा उजवा हात चार-पाच वर्षांपासून थरथरतो. बँकेत सही जुळत नाही, म्हणून ते सही करायचेच टाळतात. हे त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवले नाही आणि मीही नाही.

त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट हीच या सगळ्या कामाची गुरुकिल्ली आहे : पत्रा एकदाच वाकवायचा. वाकवला, चुकला, सरळ केला, पुन्हा वाकवला की तो तुटायच्या मार्गाला लागतो. कारण वाकताना धातू त्या जागी कडक होतो आणि कडक झालेला धातू दुसऱ्या वेळी तडकतो. याला वर्क हार्डनिंग म्हणतात. मेटलर्जीच्या पेपरात याच्यावर मी पानभर उत्तर लिहिले होते. पण इंजिनाच्या केबिनचा कान तिसऱ्या वेळी वाकवताना तो टचकन हातात आला, तेव्हा मला ते पहिल्यांदा कळले.

म्हणून हाताने करण्याआधी डोळ्यांनी करायचे. भाग चौकटीतून कापण्याआधी कागदावर शोधायचा. चार गोष्टी पाहायच्या : कोरीव बाजू कुठली आणि ती बाहेर येते की आत; घडी कुठल्या दिशेला; कान कुठल्या खाचेत; आणि वाकवायचा की पिळायचा. चारही उत्तरे मिळाल्यावरच कटर उचलायचा. सगळे भाग एकदम कापून वाटीत काढून ठेवण्याचा मोह होतो. अजिबात करू नये. बऱ्याच संचांत भागांचे क्रमांक फक्त कागदावर असतात, पत्र्यावर नसतात. एकदा सुटे झाले की डावी भिंत आणि उजवी भिंत यांत फरक सांगणे मुश्कील. लागेल तो भाग, लागेल तेव्हाच.

कापताना पूल भागाच्या अगदी कडेला कापावा. ठोंब राहिला तर कानशीने एकाच दिशेने हलकेच घासावा. बाबा याला "बर काढणे" म्हणतात. कॉलेजात मी नेहमी बर न काढता जॉब द्यायचे, हे त्यांनी इतक्या वर्षांनी ओळखले!

घडी घालताना बोटांनी वाकवू नये, कड गोलसर होते. घडीच्या रेषेवर पकडीचा सपाट जबडा किंवा स्टीलची पट्टी टेकवावी आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण लांबीवर सारखा दाब देऊन एका दमात काटकोन करावा. लांब घडी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे करत गेलो तर भाग पिळवटतो.

कान वाकवायचा की पिळायचा याच्या खुणा कागदावर असतात. त्यामागचे कारण समजले तर खुणा नसल्या तरी ठरवता येते. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी कान वाकवावा. तो चपटा बसतो आणि शेजारच्या भागाला अडत नाही. जिथे जोड घट्ट हवा किंवा वाकवायला पक्कड आडवी शिरत नाही तिथे कान पिळावा. पाव फेरा पुरे, त्याहून जास्त पिळला की मान तुटते. पिळण्याआधी दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरावेत, नाहीतर फट तशीच राहते आणि ती पुढे प्रत्येक जोडात वाढत जाते. एका भिंतीचे सगळे कान आधी नुसते अर्धवट वाकवून ठेवावेत, सगळे जागेवर बसले याची खात्री झाली की मग पक्के करावेत. मोटारीच्या चाकाचे नट आपण आळीपाळीने आवळतो, तसेच.

गोल करणे

इंजिनाचा बॉयलर म्हणजे एक नळकांडे. मी ते बोटांनी वळवायला गेले आणि त्याला मध्ये कोपरे पडले. रिव्हेटच्या रेषा कोरलेल्या जागी पत्रा पातळ असतो, त्यामुळे तो तिथेच मोडतो, बाकीचा सपाट राहतो. गोलाऐवजी अष्टकोन झाला. तो संच वाया गेला.

दुसरा संच आणला. म्हणजे तोच, तसाच. आणि पहिल्याचे उरलेले भाग सरावाला घेतले. नवशिक्यांना माझा हाच सल्ला आहे : पहिला संच बिघडला तर फेकू नका, तो तुमचा रियाजाचा पत्रा. बाबांनी माउसपॅड मागितला. त्यावर पत्रा ठेवायचा, वर गुळगुळीत दांडी आडवी ठेवायची आणि दाबून पोळीसारखी पुढे-मागे लाटायची. खालचा पॅड मऊ असल्यामुळे दांडीखाली पत्रा थोडा थोडा खोल जातो आणि दोन्ही बाजूंनी आपोआप वर उचलला जातो. आधी जाड दांडी, मग बारीक, मग त्याहून बारीक. बॉयलरला आम्ही पहिल्या फेरीत चक्क लाटणे वापरले. हे वाकवणे थोडे थोडे, पण एकाच दिशेने होते. मागे-पुढे नाही, म्हणून पत्रा तडकत नाही. हव्या त्या व्यासाहून किंचित लहान गोल करावा, कारण सोडल्यावर पत्रा थोडा उलगडतो.

शंकूसाठी एका बाजूने जास्त दाब देत लाटावे लागते; ब्रशचा निमुळता दांडा उपयोगी पडतो. घुमटाबद्दल मी काही सांगणार नाही. वर ड्रॉवरचा उल्लेख केलाच आहे.

शेवटी बॉयलरची शिवण जुळवायची होती. पाच कान, पाच खाचा, एका रेषेत. माझ्याने चार बसले, पाचवा बसेना. बाबांनी टॉवेलची घडी करून टेबलावर ठेवली, त्यावर मनगट टेकवले, कोपरही टेकवले आणि माझ्या हातातली पक्कड घेतली. टोक जवळ जाईपर्यंत हलत होते. कान जबड्यात आल्यावर हलायचे थांबले. त्यांनी पाव फेरा दिला आणि पक्कड परत माझ्या हातात ठेवली. हात थरथरणाऱ्या कुणाला हे काम करायचे असेल तर मनगट आणि कोपर दोन्ही टेकवणे, थोडी वजनदार पक्कड घेणे आणि सकाळी, चहानंतर पण थकण्याआधी बसणे, एवढ्याने बराच फरक पडतो, असा आमचा अनुभव. बाबा त्यानंतर रोज अर्धा तास बसू लागले. एम्पायर स्टेट बिल्डिंगचे वरचे मजले त्यांचे आहेत, खालचे माझे. कुठले नीट आहेत ते पाहुण्यांनी न सांगताच ओळखले.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोडलेच तर

एखादा कान तुटणारच. दोन-तीन कान असलेल्या जोडात एक तुटला तर काही बिघडत नाही, पुढे जावे. एकुलता एक तुटला तर चिकटवावे लागते. इथे सुपरग्लू वापरण्याची चूक करू नये. त्याची वाफ आजूबाजूच्या चकचकीत पत्र्यावर पांढरट धुके धरते आणि नवे मॉडेल जुनाट दिसते. बाबांनी "अराल्डाइट आहे का?" विचारले ते बरोबर होते. दोन ट्यूबांचे इपॉक्सी, टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढे, आणि तेही आतल्या बाजूने. रात्रभर हलवायचे नाही.

भाग हरवला तर आधी चादर झटकावी, मग स्वतःची बाही पाहावी.

मांडायचे कसे?

पहिली गोष्ट, स्वयंपाकघरापासून लांब. इथल्या बंद घरांत फोडणीचे तेल हवेत फिरते आणि सगळ्यावर चिकट थर बसवते. त्यावर धूळ बसली की कोरीव रेषांतून ती निघता निघत नाही. आमचे विमान दोन महिने ओट्यासमोरच्या फडताळावर होते, ते आजही पिवळट दिसते. देवघराशेजारीही नको, समईची काजळी बसते.

उघड्यावर ठेवण्यापेक्षा ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी घ्यावी. मागे गडद कापड किंवा काळा कागद लावावा, पांढऱ्या भिंतीपुढे चकचकीत पत्रा हरवून जातो. दिवा समोरून लावला तर नुसती चमक दिसते. बाजूने, थोडा वरून लावला तर कोरलेल्या रेषांच्या सावल्या पडतात आणि एकेक वीट दिसते. मॉडेल वजनाला अगदी हलके असते, पेटीला धक्का लागला तरी सरकते, म्हणून तळाला भिंतीवर पोस्टर लावायच्या मऊ पुटीचे चार ठिपके द्यावेत. बेसमेंट दमट असेल तर एका कोपऱ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंगीत संच थेट उन्हात ठेवू नयेत.

पेटीत ठेवण्याआधी बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसावेत. हे चांदी-सोनेरी पत्र्यासाठी. रंगीत पत्र्यावर आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावे. नंतरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या रबरी फुंकणीने काढावी. पितळी मॉडेल काळवंडले म्हणून पितांबरी लावू नये. पूड रेषांत जाऊन बसते आणि घासताना कान सुटतात. आमच्या सासूबाईंनी प्रेमाने हे करून पाहिले आहे.

भारतात नेताना

न उघडलेले पाकीट नेणे सगळ्यात सोपे. चपटे असते, कपड्यांच्या घडीत बसते. मात्र कटर, पक्कड, कानस ही हत्यारे चेक-इनच्या बॅगेत टाकावीत, हातातल्या बॅगेत ठेवून सिक्युरिटीशी वाद घालू नये. तयार मॉडेल न्यायचे तर ते घट्ट गुंडाळू नये; बबलरॅपच्या दाबानेच ते चेपते. प्लॅस्टिकचा कडक डबा घ्यावा, तळाला मॉडेल पुटीने चिकटवावे, बाजूंनी टिशू पेपरचे सैल गोळे भरावेत आणि डबा हातातल्या बॅगेत वरच्या बाजूला ठेवावा.

बाबा एप्रिलमध्ये ठरल्या तारखेलाच गेले आणि इंजिन घेऊन गेले. त्यांचे बालपण दौंडला गेले, वाफेची इंजिने पाहतच ते वाढले, त्यामुळे ते कुणाकडे जाणार हा प्रश्नच नव्हता. पेटीतली मोकळी जागा ती. इतके सगळे करूनही पुण्याला पोचेपर्यंत धुराड्याचा एक कान सुटला. त्यांनी घरची जुनी पक्कड काढून, टॉवेलवर मनगट टेकवून तो बसवला आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली लिहिले होते : "धुराडं जरा डावीकडे गेलंय. पुन्हा वाकवत नाही, तुटेल."